ऊर्जेचा हंगाम आणि अभियांत्रिकीचे प्रशिक्षण

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील व तंत्रनिकेतनांतील विद्यार्थ्यांनी पदवी अथवा पदविका हाती पडण्यापूर्वी काही काळ प्रत्यक्ष उद्योगात काम करावे, ही अपेक्षा आता सर्वमान्य झाली आहे. सौर, पवन आणि चिपाडापासून होणारी सहवीजनिर्मिती या अपारंपरिक ऊर्जेच्या क्षेत्रांत महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत मोठी वाढ झाल्यामुळे अशा प्रशिक्षणासाठी विद्यार्थ्यांचा ओढाही या उद्योगांकडे वाढला आहे. ही इष्ट गोष्ट होय. तथापि या उद्योगाचे एक वैशिष्ट्य शिक्षणसंस्थांच्या आणि बहुधा पालकांच्याही ध्यानात येत नाही. वस्त्रोद्योगाचे अथवा यंत्रनिर्मितीचे कारखाने बाराही महिने सारख्याच गतीने चालतात. वारा, ऊन आणि ऊस यांना मात्र हंगाम असतो. तो हंगाम आणि महाविद्यालयाची सुटी यांचा मेळ बसला नाही, तर विद्यार्थी उद्योगात जाऊन येतो, प्रमाणपत्रही आणतो, पण चालते यंत्र त्याने पाहिलेले नसते.

पूर्वपीठिका

शिक्षण आणि काम यांची सांगड घालण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली अशा अभ्यासक्रमाचा आरंभ केला. त्यात विद्यार्थी आळीपाळीने काही आठवडे वर्गात आणि काही आठवडे कारखान्यात असत. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ साली झाला आणि १९७३ च्या सुधारणेने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले. त्याच वर्षी पिलानी येथील बिर्ला तंत्रविज्ञान संस्थेने उद्योगातील प्रत्यक्ष कामाला अभ्यासक्रमात श्रेयांकांचे स्थान दिले. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाने पदवी शिक्षणात आंतरवासितेला चौदा ते वीस श्रेयांक, म्हणजे स्थूलमानाने सहाशे ते सातशे तास, राखून ठेवले. राज्यातील पदविका अभ्यासक्रमात २०१७ च्या योजनेनुसार चौथ्या सत्राच्या परीक्षेनंतर सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण आले.

अडचण या शेवटच्या वाक्यातच आहे. चौथ्या सत्राची परीक्षा उन्हाळ्यात संपते. त्यामुळे प्रशिक्षणाचे सहा आठवडे मे आणि जून या महिन्यांत पडतात.

वारा

वाऱ्यापासून वीज निर्माण करण्याच्या प्रयोगात महाराष्ट्र अग्रभागी राहिला आहे. देशातील पहिले प्रात्यक्षिक पवनऊर्जा प्रकल्प १९८६ साली ज्या किनाऱ्यांवर उभे राहिले, त्यांत रत्नागिरीचा समावेश होता. पुढे सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडीची पठारे, धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेलचा परिसर अशा ठिकाणी पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. या पठारांवर वाऱ्याचा खरा भर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो आणि वर्षभराच्या वीजनिर्मितीचा मोठा भाग पावसाळ्याच्या चार महिन्यांत होतो.

याचे कारण गणिती आहे आणि शिक्षकांनी ते वर्गात आवर्जून सांगावे. वाऱ्यापासून मिळणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग सेकंदाला सहा मीटरवरून सात मीटर झाला, तर वेगातील वाढ सतरा टक्क्यांच्या आत असते, पण शक्ती २१६ वरून ३४३ या प्रमाणात, म्हणजे सुमारे एकोणसाठ टक्क्यांनी वाढते. सेकंदाला साधारण तीन मीटर वेगाला यंत्र वीज देऊ लागते, बारा मीटरच्या आसपास पूर्ण क्षमतेला पोहोचते आणि पंचवीसच्या सुमारास स्वतःच्या रक्षणासाठी थांबते. या तिन्ही अवस्था विद्यार्थ्याला डोळ्यांनी पाहावयाच्या असतील, तर त्याने जुलैमध्ये पठारावर असावयास हवे. त्या वेळी तो वर्गात असतो.

कोरड्या महिन्यांतील प्रशिक्षण निरुपयोगी आहे, असे मात्र कोणी समजू नये. वारा मंद असतानाच पात्यांची तपासणी, दंतचक्र पेटीतील तेल बदलणे, मनोऱ्यावरील बोल्ट आवळणे ही कामे केली जातात. यंत्रशाखेच्या विद्यार्थ्याला उघडे यंत्र पाहावयास मिळते ते याच दिवसांत. शिवाय जुन्या, काही शे किलोवॅट क्षमतेच्या पवनचक्क्या काढून त्या जागी मोठी यंत्रे बसविण्यासंबंधीचे केंद्र शासनाचे धोरण २०१६ मध्ये जाहीर झाले आणि २०२३ मध्ये सुधारले गेले. जुने यंत्र उतरविताना पाया, मनोरा आणि पाते यांची झीज किती झाली याची नोंद करणे, हे विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील व उद्योगाच्याही उपयोगाचे काम आहे. मात्र मनोऱ्यावर चढणे हा हौसेचा विषय नाही. उंचीवरील कामाचे रीतसर प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी आणि पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा यांवाचून विद्यार्थ्याला वर पाठविणाऱ्या कंपनीकडे महाविद्यालयाने पुन्हा विद्यार्थी पाठवू नयेत.

ऊस

सहवीजनिर्मितीची गोष्ट याहून स्पष्ट आहे. एक टन ऊस गाळला की सुमारे पावणेतीनशे ते तीनशे किलो ओले चिपाड मिळते आणि त्यात निम्मे पाणीच असते. पूर्वी हे चिपाड कमी दाबाच्या बॉयलरमध्ये जाळून कारखान्यापुरती वाफ व वीज होत असे. आता अनेक सहकारी साखर कारखान्यांनी प्रति चौरस सेंटिमीटर सदुसष्ट, सत्त्याऐंशी वा त्याहूनही अधिक किलो दाबाचे बॉयलर बसविले असून स्वतःची गरज भागवून उरलेली वीज ते वाहिन्यांत सोडतात. वाफेचा दाब, चिपाडातील ओलावा, टर्बाइनचा भार आणि रसाच्या उकळणीला लागणारी वाफ यांचा परस्परसंबंध पाठ्यपुस्तकातील आकृतीवरून कळणारा नाही. तो नियंत्रण कक्षात आठ तासांची एक पाळी बसून कळतो. उसाचा पुरवठा घटला की वाफ कशी ढासळते आणि ती सावरताना चालकाची कशी धावपळ होते, हे पाहिलेला विद्यार्थी उष्मागतिकी सहसा विसरत नाही.

गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत संपतो. मे महिन्यात प्रशिक्षणासाठी गेलेल्या विद्यार्थ्याला थंड बॉयलर आणि सुटी केलेली यंत्रे दिसतात. ज्याच्या घराला लागून कारखाना आहे अशा शेतकऱ्याच्या मुलानेही तो चालू असताना आतून पाहिलेला नसावा, ही विसंगती सोलापूर, कोल्हापूर, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांत तरी राहू नये.

ऊन

सौरऊर्जेला त्या मानाने हंगामाची अडचण कमी. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला तेव्हा असे प्रकल्प विरळा होते. पुढे २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, २०१९ ची कुसुम योजना आणि घरांच्या छपरांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली सूर्यघर योजना यांमुळे सौर संच तालुक्यातालुक्यांत पोहोचले. शाळेच्या छपरावरील एखादा संचही विद्यार्थ्याची प्रयोगशाळा होऊ शकतो. त्याचा हिशेब असा.

समजा, शाळेवर दहा किलोवॅटचा संच आहे आणि एका निरभ्र दिवशी पॅनेलच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साडेपाच युनिट इतकी सौरऊर्जा पडली. प्रमाणित परिस्थितीत त्या दिवशी पंचावन्न युनिट वीज मिळावयास हवी. मीटरवर बेचाळीस युनिट दिसली, तर संच शहात्तर टक्के कार्यमानाने चालला असे म्हणता येईल, आणि ते समाधानकारक आहे. उरलेली तेरा युनिटे कोठे गेली, हाच प्रशिक्षणाचा विषय. पॅनेलची क्षमता पंचवीस अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. विदर्भातील एप्रिलच्या दुपारी पॅनेल पासष्ट अंशांपर्यंत तापले आणि दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के घट धरली, तर चाळीस अंशांच्या फरकाने सोळा टक्के क्षमता तेथेच जाते. कडक ऊन म्हणजे भरपूर वीज, हा समज त्यामुळे पुरता खरा नाही. उरलेला तोटा धूळ, सावली, तारा आणि इन्व्हर्टर यांत वाटला जातो. मीटरवर बेचाळीसऐवजी तेहतीस युनिटे येऊ लागली, तर महिन्याला सुमारे दोनशे सत्तर युनिटांचा तोटा होतो. कुंपणाजवळच्या झाडाची सावली सकाळी दोन तास पॅनेलांच्या एका रांगेवर पडते, एवढे कारणही त्याला पुरते. हे शोधण्यास महाग उपकरण लागत नाही. रोज ठरलेल्या वेळी नोंद घेणारा माणूस लागतो.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. पॅनेलांच्या मालिकेत एकदिश प्रवाह असतो आणि त्याचा दाब सहाशे ते हजार व्होल्ट, मोठ्या प्रकल्पात दीड हजार व्होल्टपर्यंत जातो. ऊन असेपर्यंत पॅनेल बंद करता येत नाही, आणि एकदिश प्रवाहाची ठिणगी घरगुती विजेच्या ठिणगीप्रमाणे सहज विझत नाही. भारावर असलेली जोडणी उपटू नये, हा पहिल्या दिवसाचा पहिला धडा असावा.

प्रमाणपत्र आणि काम

सौर संच बसविणाऱ्या पुष्कळ संस्था लहान आहेत. पाच-सहा माणसे, एक जीप आणि हातात दहा ठिकाणची कामे. शिकवावयास त्यांना सवड नसते. अशा ठिकाणी विद्यार्थी एक तर पॅनेल पुसण्यास लावला जातो किंवा महिनाअखेर प्रमाणपत्र न्यावयास या, असे सांगून घरी पाठविला जातो. पैसे घेऊन प्रमाणपत्र देण्याचे प्रकारही ऐकिवात आहेत. महाविद्यालयाला श्रेयांक भरल्याचे समाधान मिळते, विद्यार्थ्याला कागद मिळतो. नोकरीच्या मुलाखतीत मात्र त्याला साधा आलेख वाचता येत नाही, आणि तीन-चार वर्षांचे शिक्षण वाया गेल्याची भावना त्याच्या घरात पसरते.

पैशाचा प्रश्नही टाळता येणार नाही. शिकाऊ उमेदवारी अधिनियमाखाली विद्यावेतन आहे आणि २०१९ च्या नियमांनुसार तीस वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर उमेदवार घेण्याचे बंधनही आहे. पण शिकत असताना केलेल्या आंतरवासितेला असे संरक्षण सर्वत्र मिळत नाही. पठारावरील प्रकल्पाला जाण्यायेण्याचा, राहण्याचा खर्च ज्याला झेपत नाही तो विद्यार्थी जवळच्या दुकानाचे प्रमाणपत्र आणतो. मुलींच्या बाबतीत निवासाची सोय नाही या कारणास्तव उत्तम प्रकल्प वगळले जातात. प्रकल्पाच्या विश्रामगृहातील दोन खोल्या प्रशिक्षणार्थी मुलींसाठी राखण्याचा खर्च कोणत्याही मोठ्या कंपनीला जड नाही, आणि तशी मागणी प्राचार्यांनी लेखी करावी.

पंचायतीचा संबंध

हा विषय पंचायत सदस्यांचाही आहे. अनुदानित योजनांतील सौर पंप व छपरावरील संच यांची देखभाल पुरवठादाराने साधारणतः पाच वर्षे करावयाची असते. त्यानंतर पंप बंद पडला तर शेतकऱ्याने कोणाकडे जावे? गावोगाव बंद पडलेले सौर पथदिवे पाहिले की या प्रश्नाचे गांभीर्य कळते. केंद्र शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेला सहाशे तासांचा सूर्यमित्र अभ्यासक्रम मुख्यतः औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील व पदविकाधारक तरुणांसाठी आहे. त्याने हात तयार होतात. बिघाडाचे मूळ शोधून पुढील संचाचा आराखडा सुधारणारा अभियंता मात्र महाविद्यालयातूनच यावयाचा आहे.

ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील पंप, पथदिवे, शाळा व आरोग्य केंद्रावरील संच यांची यादी करून ती जवळच्या तंत्रनिकेतनाला द्यावी. दोन विद्यार्थी आणि एक अध्यापक यांनी वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यापूर्वी व एकदा दिवाळीनंतर, प्रत्येक संचाचे मोजमाप करावे. हमीच्या मुदतीतील इन्व्हर्टर त्यांनी उघडू नये, कारण तसे केल्यास हमी जाण्याचा संभव असतो. त्यांनी मोजावे, लिहावे आणि पुरवठादाराकडे पंचायतीमार्फत लेखी तक्रार जावी. लेखी आकड्यांसह आलेली तक्रार टाळणे पुरवठादाराला कठीण जाते.

सत्राची फेररचना

सुटीतील सहा आठवड्यांऐवजी एक संपूर्ण सत्र उद्योगात घालविण्याची मुभा अनेक पदवी अभ्यासक्रमांत आता आहे. तिचा उपयोग करताना हंगाम पाहिला जावा. सातव्या सत्रात, जुलैपासून, पवनऊर्जा. आठव्या सत्रात, जानेवारीपासून, साखर कारखाना अथवा सौर प्रकल्प. जानेवारी ते मार्च गाळप चालू असते आणि त्यानंतर बॉयलर उघडला जातो, म्हणजे चालते व उघडे अशी यंत्राची दोन्ही रूपे एकाच सत्रात पाहावयास मिळतात. पदविकेसाठी सहा आठवड्यांचे दोन भाग करून एक भाग दिवाळीच्या सुटीला जोडणे अशक्य नाही. त्यासाठी परीक्षांचे वेळापत्रक थोडे हलवावे लागेल आणि त्याला विरोध होईल, हे उघड आहे.

प्रशिक्षणाचे मूल्यमापन प्रमाणपत्रावरून न करता दैनंदिनीवरून करावे. तीत तारीख, वेळ, वाऱ्याचा वेग किंवा उन्हाची तीव्रता, मीटरचा आकडा, आढळलेला बिघाड, तो कोणी दुरुस्त केला व त्यास किती तास लागले, इतके रकाने असले म्हणजे पुरे. घरी बसून भरलेली दैनंदिनी अनुभवी परीक्षकाला पहिल्या दोन पानांतच ओळखता येते, कारण तीत एकही दिवस ढगाळ नसतो. विद्यार्थ्याच्या दैनंदिनीची एक प्रत प्रकल्पाकडे आणि गावातील संचाची असल्यास एक ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी. पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याला तेथूनच पुढे मोजता येईल.