भट्टीवर जाण्याआधी मुलाचं नाव योजनेत पक्कं करा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असलं तरी लागू आहे. आयुष्मान भारतसोबत ती कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार देते. तरीही जव्हार-मोखाड्यातलं मूल तिच्यातून सुटतं, कारण त्याचं नाव कागदांवर चढलेलंच नसतं. दिवाळीनंतर कुटुंब भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर गेलं की ते काम पुढच्या पावसाळ्यावर जातं. म्हणून आवणी उरकली की लगेच हाती घ्या.

आधी जन्मदाखला. जन्म जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते, हे घट्ट लक्षात ठेवा. बाळंतपण भट्टीजवळ झालं असेल तर तिथली ग्रामपंचायत किंवा महापालिका. आपल्या पाड्याचे ग्रामसेवक तो दाखला देऊ शकत नाहीत. 21 दिवसांत नोंद केली तर विलंब शुल्क नाही. वर्ष उलटलं की वरच्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि मजुरी बुडवून खेपा घालाव्या लागतात. बारसं व्हायचं असलं तरी नोंद थांबवू नका, नाव मागाहून घालता येतं.

मग रेशनकार्ड. खरी गाठ इथे बसते. सुनेचं नाव पुष्कळदा माहेरच्याच कार्डावर असतं. ते तिथून कमी केल्याचा दाखला आणा, सासरच्या कार्डावर तिचं नाव चढवा आणि त्याच अर्जात बाळाचंही घाला. अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत द्या, पोच घ्या. बाळाचं, बापाचं नाव आणि आडनाव सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर सारखं आहे ना, हे शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्या. एका वेलांटीपायी आजारी लेकरू ताटकळू नये.

पाच वर्षांखालच्या बाळाच्या आधारला बोटांचे ठसे लागत नाहीत. जन्मदाखला आणि आई किंवा बापाचं आधार पुरतं. पाचव्या वर्षानंतर ठसे द्यायलाच हवेत, पुन्हा पंधराव्या वर्षी. मूल आश्रमशाळेत असेल तर मुख्याध्यापकांना ठशांची आठवण करा.

हे झालं की आशाताईंकडे किंवा सेवा केंद्रात मुलाचं आयुष्मान कार्ड काढा. कुटुंबात एकाचं निघालं म्हणजे सगळ्यांचं झालं असं नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं. सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि झेरॉक्सचा एक संच भट्टीवर सोबत न्या.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. हृदयाला छिद्र, फाटलेला ओठ, वाकडं पाऊल हे तिथेच ध्यानात येतं आणि पुढच्या उपचारांची वाट तिथूनच लागते.

जव्हारच्या किंवा मोखाड्याच्या रुग्णालयातून नाशिकला अगर ठाण्याला पाठवलं तर निघण्याआधी 155388 वर फोन करा आणि ते रुग्णालय व तो आजार योजनेत आहे का, विचारा. हा क्रमांक फुकट आहे. पोचल्यावर पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, गाठा. मुलाचं नाव अजून कार्डावर नसेल तर जन्मदाखला, आईबापाचं रेशनकार्ड आणि आईबापासोबतचा बाळाचा फोटो त्याला दाखवा. जीव घाबरा झालेला असेल तर कागदांसाठी घरी परतू नका. तातडीच्या वेळी फोनवरून परवानगी घेऊन उपचार सुरू करता येतात. योजनेतल्या उपचाराला कुणी पैसे मागितले तर पावती मागा आणि त्याच क्रमांकावर तक्रार नोंदवा.