सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण : शाखा कशी निवडावी?

२०२२ च्या अखेरीस मुंबईच्या पूर्व उपनगरातील गोवंडी परिसरात गोवराची साथ उद्भवली आणि काही बालके दगावली. गोवराच्या लशीच्या दोन्ही मात्रा शासनामार्फत मोफत दिल्या जातात. तरीही अनेक बालके त्यांपासून वंचित होती. असे का घडले? प्रश्न एकच असला तरी त्याच्या उत्तराच्या वाटा अनेक आहेत.

साथ कोणत्या वस्तीत, कोणत्या वयात व कशामुळे पसरली, हे साथरोगशास्त्र शोधते. बालके किती व लस किती जणांस मिळाली, हा हिशेब जैवसांख्यिकी आणि लोकसंख्याशास्त्र मांडते. लसीकरण सत्रे, शीतसाखळी व कर्मचारी यांची घडी बसविणे हे आरोग्य प्रशासनाचे कार्य होय. तर निधीचा विनियोग हा आरोग्य अर्थशास्त्राचा विषय.

गोवंडीलगतच, देवनार येथे, टाटा सामाजिक विज्ञान संस्था (स्थापना १९३६) आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था (स्थापना १९५६) या क्षेत्रातील अध्ययन-संशोधनाची केंद्रे आहेत. सामुदायिक वैद्यकातील एम. डी. साठी एम. बी. बी. एस. आवश्यक असते; परंतु सार्वजनिक आरोग्याच्या अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांत अन्य शाखांच्या पदवीधरांनाही प्रवेश मिळतो.

म्हणून शिक्षकांनी विद्यार्थ्यास प्रथम पदवीचे नाव न सुचविता, कोणत्या प्रश्नात त्याचे मन रमते, हे विचारावे. आकड्यांची आवड असणाऱ्यास संशोधन संस्था, तर माणसांत वावरणाऱ्यास महानगरपालिका व जिल्हा परिषदेचे आरोग्यकार्य मानवेल. प्रवेशापूर्वी त्याने एक दिवस लसीकरण सत्रात बसून पाहावे. निवड आपोआप सुकर होईल.