पाळी गेली, ताकद का जावी?

कोलकात्यात हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात जमणाऱ्या आम्ही मैत्रिणी आता पन्नाशी-साठीच्या. गप्पांत कॅल्शियम येतं, गुडघे येतात, पण स्नायूंचं नाव निघत नाही. पाळी गेल्यानंतरच्या वर्षांनी मला शिकवलेलं म्हणूनच इथे मांडते.

१. वजनकाट्यावर विसंबू नका.
काटा तोच आकडा दाखवतो, आत मात्र स्नायू घटून चरबी वाढलेली असते. माझ्या लक्षात आलं ते ट्रामच्या पायरीवर. एरवी हात दांडीला नुसता लागलेला असायचा. आता हातानं ओढून घेतल्याशिवाय अंग वर येईना. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरेना. पूजेला खाली बसलं की उठताना जमिनीला हात टेकावा लागे.

२. ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका.
वयाचा आणि बैठ्या सवयींचा वाटा आहेच, पण इस्ट्रोजेनचाही आहे. हे संप्रेरक गर्भाशयापुरतं नसतं, स्नायूंवरही काम करतं. झिजलेल्या स्नायूची डागडुजी करणाऱ्या राखीव पेशी त्याच्या आधारानं टिकतात. २०१९ मध्ये उंदरांवर आणि पाळी जाण्याच्या काळातल्या स्त्रियांच्या स्नायूंवर झालेल्या अभ्यासात इस्ट्रोजेन आटल्यावर या पेशी घटलेल्या दिसल्या. भारतात पाळी साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत एक्कावन्नच्या सुमारास. म्हणजे आपण स्नायूंना लवकरच सांभाळायला लागायला हवं.

३. नुसतं चालणं पुरत नाही.
रवींद्र सरोवराची सकाळची फेरी हृदयाला चांगली, ती सोडू नये. पण स्नायूला ओझं लागतं. पटकन आकुंचन पावणारे तंतू वयाबरोबर आधी झिजतात, आणि पाय घसरला की तोल सावरतात तेच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोनदा ताकदीचा व्यायाम सांगते. मी हात न टेकता खुर्चीवरून उठबस करते, भिंतीला टेकून जोर काढते, डंबेल उचलते आणि जमेल तसं वजन वाढवते. ‘बायकांनी वजनं कशाला उचलायची?’ असं कुणी म्हटलं की मी याच शहरातल्या रेबा रक्षित यांचं नाव घेते. १९५०च्या दशकात सर्कशीत त्या छातीवर हत्ती पेलत.

४. ताटात प्रथिनं वाढवा.
सकाळी पोहे किंवा मुडी, दुपारी भात आणि पातळ वरण, यात प्रथिनं फार कमी पडतात. उतारवयात दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं घ्यावीत, असं अनेक तज्ज्ञ सांगतात. साठ किलोच्या बाईला ती ६० ते ७२ ग्रॅम होतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. उसळ, पिठलं, दही, छेना, मासे यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवंच. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

५. संप्रेरकाची गोळी मैत्रिणीच्या सल्ल्यानं घेऊ नका.
अंगातून वाफा येतात, झोप उडते, त्यावर हे उपचार गुणकारी आहेत. स्नायूंबाबतचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत, त्यामुळे केवळ ताकदीसाठी ते सुचवले जात नाहीत. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

६. ताकद मोजत राहा.
हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९च्या निकषानुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर तपासणी करून घ्यावी.

७. उशीर झाला असं समजू नका.
बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या, अशक्त वृद्धांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक वाढली. ही १९९०ची गोष्ट. नव्वदीत जे जमलं, ते पन्नाशी-साठीत आपल्याला का जमू नये? ज्यांची पाळी अजून चालू आहे त्या लेकी-सुनांनाही सोबत घ्या.