लहान ट्रेलर आणि पहिला मुक्काम

प्रश्न : आम्ही अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. लहानसा ट्रेलर मोटारीस जोडून सहकुटुंब भ्रमंती करावी असे मनात आहे. आरंभ कोठून करावा?

उत्तर : ट्रेलरमधील गाद्या व शेगडी पाहून मोहित होण्यापूर्वी आपल्या मोटारीच्या पुस्तिकेत तिची ओढण्याची कमाल क्षमता किती नमूद आहे ते पाहावे, आणि तिची तुलना विक्रेता सांगतो त्या रिकाम्या वजनाशी न करता निर्मात्याने ठरवून दिलेल्या कमाल भारित वजनाशी करावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण २० गॅलन पाणीच सुमारे ७५ किलो भरते, मग भांडीकुंडी व अंथरूण-पांघरूण निराळेच. भारित वजनाचा १० ते १५ टक्के भाग मोटारीच्या जोडावर पडेल अशा बेताने सामान रचावे. तो कमी पडल्यास वेगात ट्रेलर डोलू लागतो, आणि हा प्रसंग खरोखर प्राणसंकटाचा असतो.

मागे घेण्याचा सराव रिकाम्या मैदानात करावा. सुकाणूचक्र खालच्या बाजूस धरले असता हात ज्या दिशेस न्यावा त्याच दिशेस ट्रेलरचे मागील टोक वळते, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे निम्मी भीती ओसरते.

पहिला मुक्काम घरापासून दोनेक तासांवर असावा. हॉकिंग हिल्सच्या राज्य उद्यानात विजेच्या जोडणीच्या जागा आहेत. तेथे आगाऊ नोंदणीची तजवीज करून दोन रात्री राहावे. कार्बन मोनॉक्साइडचा सूचक मात्र निघण्यापूर्वी तपासावाच.