बुडखा

डहाणूस आमच्या घराच्या पश्चिमेला जांभळाचे एक जुने झाड होते आणि स्वयंपाकघरामागे एक माड. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. त्या सोसाट्याच्या वाऱ्यात दोन्ही झाडे मोडली. लाकडे उचलली गेली; मागे उरले दोन बुडखे.

सावलीचे मोल पुढच्या उन्हाळ्यात कळले. पश्चिमेची भिंत दुपारपासून तापे, ती मध्यरात्रीपर्यंत निवत नसे. पंखे अष्टौप्रहर फिरू लागले. विजेचे बिल आले, तेव्हा मी चष्मा पुसून ते पुन्हा वाचले! तरीही माझ्या मनात एकच विचार होता: दोन्ही बुडखे काढावेत आणि अंगणात फरशी घालावी. जांभळाला फुटणारे धुमारे मी वरचेवर छाटून टाकीत असे.

ह्या कामासाठी मी तलासरीकडील एका वारली शेतकऱ्यांना बोलावले. कुऱ्हाड, कुदळ आणि पहार घेऊन ते आले. प्रथम त्यांनी माडाचा बुडखा पाहिला.

"गुरुजी, हा काढलाच पाहिजे," ते म्हणाले.

कुजका भाग फोडताच आत जाड, पांढऱ्या अळ्या दिसल्या. गेंड्या भुंगा कुजलेल्या माडात अंडी घालतो आणि पुढे हेच भुंगे आसपासच्या माडांचे कोवळे शेंडे पोखरतात. शेजारी तर माडांची वाडीच होती!

तोडलेल्या माडाला पुन्हा फुटवा येत नाही. त्याला सोटमूळ नसते. बारीक मुळांचा मोठा झुपका असतो. त्यांनी बुडख्याभोवती चर खणला, मुळे तोडली आणि पहारीची तरफ करून बुडखा उलथविला. अळ्या वेचून मारल्या व खड्डा मातीने दाबून भरला.

"जाळला असता तर?" मी विचारले.

"घरालगत विस्तव कशाला, गुरुजी?"

मग ते जांभळाकडे वळले. छाटलेल्या धुमाऱ्यांवरून त्यांनी बोट फिरविले आणि कुऱ्हाड खाली ठेवली.

"हा मेलेला नाही. तुम्ही छाटता, तरी हा फुटतोच आहे. ह्याची मुळे खोल गेलेली आहेत. नव्या रोपाला इतके खोल जायला किती वर्षे लागतील! दोन जोमदार फुटवे ठेवा, बाकीचे काढा."

जांभळाचा बुडखा काढण्याची दोन दिवसांची मजुरी त्यांनी आपल्याच शब्दाने घालविली. मी ठरलेले सर्व पैसे पुढे केले. "काम एकाच बुडख्याचे झाले," असे म्हणून त्यांनी तेवढेच घेतले.

झाड वाढेपर्यंत विजेचे काय? मी कागद घेऊन हिशेब मांडला. १००० वॅटचे उपकरण १ तास चालले, की १ युनिट वीज खर्च होते. ७५ वॅटचा जुना पंखा रोज १० तास फिरला, तर ३० दिवसांत २२.५ युनिट लागतात. ३० वॅटच्या नव्या पंख्याला ९ युनिट पुरतात. ६० वॅटच्या जुन्या दिव्याचे काम ९ वॅटचा एलईडी दिवा करतो. शिवाय महिन्याला १०० युनिटांची मर्यादा ओलांडली, की पुढच्या युनिटांचा दर चढतो. म्हणून शेवटची वाचविलेली युनिटेच सर्वांत महाग असतात.

डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथे कोळसा जाळून तयार होणारी वीज मुंबईच्या उपनगरांकडे जाते. आपल्या राज्यातील बरीचशी वीज अशीच कोळशापासून होते. म्हणजे रिकाम्या खोलीतला पंखा बंद केला, की कुठेतरी थोडा कोळसा जळायचा राहतो.

आज ते दोन फुटवे घराच्या छपराहून उंच झाले आहेत. दुपारी त्यांची सावली भिंतीवर येते आणि संध्याकाळी भिंतीला हात लावला, तर ती निवलेली असते. अंगणात फरशी मात्र अजून घातलेली नाही.

शब्दार्थ
बुडखा – तोडलेल्या झाडाचा जमिनीलगत उरलेला भाग
धुमारा – नवा कोवळा फुटवा
तरफ – जड वस्तू उचलण्यासाठी वापरावयाचा दांडा

स्वाध्याय
१. माडाचा बुडखा काढणे व जांभळाचा राखणे, ह्यांमागील कारणे लिहा.
२. शेतकऱ्याचा कोणता गुण तुम्हांला आवडला? का?
३. तुमच्या घरातील एका दिव्याला महिन्यास किती युनिट लागतात, ते काढा.