पंखाची मुंगी की वाळवी?

मृगाच्या सरी पडून गेल्या की निगडीच्या परिसरात सायंकाळी दिव्याभोवती पंखाच्या किड्यांची झुंबड उडते. मुले त्यांना सरसकट 'पंखाच्या मुंग्या' म्हणतात. त्यांत वाळवीही असते. सकाळी दिव्याखाली पडलेले चारदोन किडे वर्गात आणून भिंगाखाली ठेवावेत. प्रथम कंबर पाहावी. मुंगीची कंबर दोऱ्याने आवळल्यासारखी बारीक, वाळवीचे अंग सलग. मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, वाळवीच्या सरळ, मण्यांच्या माळेसारख्या. मुंगीचे पुढील पंख मागील पंखांहून मोठे असतात. वाळवीचे चारही सारखे, आणि इतके कच्चे की सहज गळतात. नुसत्या पंखांचा ढीग आढळला तर तो बहुधा वाळवीचाच. तिला 'पांढरी मुंगी' म्हणत असले तरी तिचे नाते झुरळाशी आहे.

पंख फुटलेल्या मुंगीचे मरण जवळ आले, ही समजूत नरांपुरती खरी आहे. मीलनानंतर ते लवकरच मरतात. राण्यांपैकी ज्या पाली-पाखरांच्या तावडीतून सुटतात, त्या स्वतःच पंख टाकून नवी वसाहत थाटतात.

किडे शाळेच्या चौकटीतून वा भिंतीच्या भेगेतून निघाले व वाळवीचे ठरले, तर वसाहत इमारतीतच किंवा लगत आहे असे समजावे. हजेरीपटांचे कपाट त्याच दिवशी भिंतीपासून दूर सरकवून मुख्याध्यापकांस कळवावे.