पडदा, जाळी आणि ती नेणारी नळी

वस्तीतल्या बैठकीत महिला आम्हाला नेहमी दोन प्रश्न विचारतात. एक, डायलिसिसच्या त्या पांढऱ्या नळकांड्यात असतं तरी काय? आणि दुसरा, हृदयात 'स्प्रिंग' टाकली म्हणजे नक्की काय केलं? घरातल्या माणसाच्या शरीरात काय घातलं आणि त्याचे पैसे कशाचे लागले, हे कळणं आपला हक्क आहे. म्हणून या वेळी थोडं खोलात जाऊ.

आधी नळकांडं. त्याला डायलायझर म्हणतात. त्यात केसासारख्या बारीक, आतून पोकळ अशा सुमारे दहा हजार नळ्या उभ्या भरलेल्या असतात. नळीचं आतलं भोक असतं मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढं. नळीच्या आतून रक्त वाहतं, बाहेरून क्षार मिसळलेलं शुद्ध पाणी उलट दिशेने वाहतं, आणि दोघांच्या मध्ये असतो फक्त नळीच्या भिंतीचा पापुद्रा. या पापुद्र्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. युरिया, क्रिएटिनिन, जादा पोटॅशियम ही लहान घाण त्यातून पाण्यात निघून जाते. रक्तातल्या लाल पेशी आणि मोठी प्रथिनं मात्र छिद्रापेक्षा मोठी असल्यामुळे आतच राहतात. आपलं मूत्रपिंड रात्रंदिवस जे काम करतं, ते हे नळकांडं आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास, कसंबसं करतं. कसंबसं म्हणतो ते मुद्दाम. यंत्र रक्त गाळतं, पण मूत्रपिंडाची बाकीची कामं त्याला जमत नाहीत. म्हणून रक्त वाढवणारी इंजेक्शनं वेगळी घ्यावी लागतात.

कामाचं असं पहिलं यंत्र उभं राहिलं ते दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये. विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टरांनी १९४३ साली लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर सेलोफेनची लांब नळी गुंडाळली. ती होती सॉसेजचं सालपट म्हणून वापरतात ती. रक्ताची नळी आणि फिरतं पिंप जोडणारा सांधा त्यांनी फोर्ड मोटारीच्या पाण्याच्या पंपावरून सुचवून घेतला. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये एक वृद्ध बाई शुद्धीवर आली आणि पुढे जगली. भोसरीच्या शेडमध्ये काम करणाऱ्या आपल्या पोरांना यात नवल वाटणार नाही, जुन्या गाडीच्या भागातून नवीन यंत्र उभं करणं त्यांना ठाऊक आहे.

आजची पोकळ नळी कशी बनते तेही त्यांना चटकन समजेल. पातळ केलेलं प्लास्टिक गोल फटीतून दाबून बाहेर काढतात, फटीच्या मधोमध द्रवाची धार सोडतात म्हणजे नळी पोकळ राहते, आणि ती लगेच पाण्याच्या टाकीत पडते. सोऱ्यातून शेव पाडतो तसंच, फक्त शेव आतून पोकळ. प्लास्टिक ज्यात विरघळवलेलं असतं तो द्रव पाण्यात निघून जातो आणि त्याच्या जागी छिद्रं उरतात. छिद्र किती बारीक ठेवायचं, यातच सगळं कसब आहे.

हे कसब आपल्या जवळही आहे. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, १९५० पासून उभी आहे. तिथल्या संशोधकांनी पॉलिॲक्रिलोनायट्राइलपासून पाणी गाळण्याचा पडदा तयार केला. हिवाळ्यात आपण घालतो त्या ॲक्रिलिकच्या स्वेटरचं सूत आणि हा पडदा मुळात एकाच जातीच्या प्लास्टिकचे. हा पडदा पाण्यातले जिवाणू आणि विषाणू अडवतो, आणि नळाच्या दाबावर चालतो, वीज लागत नाही. यावरून एक व्यवहाराची गोष्ट. दारावर येणारा विक्रेता सगळ्यांनाच आरओ मशीन गळ्यात मारतो. आरओचा पडदा आणखी बारीक, तो विरघळलेले क्षारही काढतो, पण बरंच पाणी मोरीत सोडतो. चाकणकडच्या खोल्यांमध्ये बोअरचं खारट पाणी असेल, क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर असतील, तर आरओचा विचार करा. महापालिकेचं पवनेचं पाणी येत असेल तर साधा गाळणीचा पडदा किंवा उकळणं पुरतं. खरी घाण बहुतेक वेळा न धुतलेल्या टाकीत आणि गटारातून गेलेल्या पाइपात असते.

डायलिसिस केंद्रात मात्र आरओ लागतोच. मिनिटाला साधारण अर्धा लिटर, म्हणजे चार तासांत १२० लिटर पाणी रुग्णाच्या रक्ताला पापुद्र्याच्या अंतराने घासून जातं. आपण पितो ते पाणी आतड्यातून जातं, हे तसं नाही. म्हणून केंद्रात विचारा, पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली? विचारल्याने कुणी चिडलं तर चिडू द्या.

डायलायझर धुऊन त्याच रुग्णाला पुन्हा वापरतात, हे नियमाने केलं तर चालतं. पण त्यावर रुग्णाचं नाव आणि कितव्यांदा वापर ते लिहिलेलं असलं पाहिजे. सुई टोचण्याआधी घरच्या माणसाने ते नाव मोठ्याने वाचावं. हातावर फिस्टुला केला असेल, म्हणजे शीर आणि धमनी जोडली असेल, तर त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही, घट्ट बांगडी नाही, पाण्याची कळशी नाही. रोज सकाळी त्यावर बोटं ठेवा. मांजर गुरगुरतं तशी थरथर लागली पाहिजे. थांबली तर उद्याची वाट न बघता त्याच दिवशी केंद्रात जा.

आणि मुळात या यंत्रापर्यंत जायची वेळ का येते? मधुमेह आणि रक्तदाब, ही दोन मोठी कारणं. तिसरं आम्ही या पट्ट्यात रोज बघतो. लाइनवर दहा-बारा तास उभं राहून कंबर धरते, मग मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची गोळी, आज एक, उद्या दोन, वर्षानुवर्षं. ही गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करते. साखर किंवा बीपी असणाऱ्याने वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासावं. मूत्रपिंड निम्म्याहून जास्त गेलं तरी दुखत नाही.

आता ती 'स्प्रिंग'. ती स्प्रिंग नसते, जाळी असते, तिला स्टेंट म्हणतात. धातूच्या बारीक नळीला लेसरने कापून ती बनवतात. तिच्या काड्या केसाएवढ्या किंवा त्याहून बारीक असतात. पण जाळी बनवण्यापेक्षा अवघड काम ती जागेवर पोहोचवण्याचं. मनगटातून किंवा जांघेतून आधी एक तार हृदयाच्या अडलेल्या रक्तवाहिनीपलीकडे जाते. त्या तारेवरून लांब नळी सरकते, नळीच्या टोकाला गुंडाळलेला फुगा, आणि फुग्यावर आवळून बसवलेली जाळी. जागेवर आल्यावर फुग्यात हवा नाही, औषधी द्रव भरतात, दहा वातावरणांच्या आसपास दाबाने. आपल्या गाडीच्या टायरमध्ये जेमतेम दोन असतात. जाळी उमलते, फुगा काढून घेतात, जाळी कायमची आत. फुग्याने हृदयाची वाहिनी उघडण्याचा पहिला प्रयोग १९७७ साली झ्युरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी केला. ते फुगे त्यांनी आपल्या घरच्या स्वयंपाकघरात बसून जोडले होते. जाळी आली १९८६ मध्ये.

स्वयंपाकघरात जन्मलेली ही वस्तू आपल्याकडे घरं गहाण टाकायला लावू लागली. २०१७ च्या आधी औषधी जाळीची छापील किंमत सरासरी १ लाख २१ हजार रुपये होती. दिल्लीतले वकील बिरेंदर सांगवान कोर्टात गेले, २०१६ मध्ये स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कमाल किंमत ठरवली: साधी जाळी ७,२६० रुपये, औषधी जाळी २९,६०० रुपये, कर वेगळा. ही मर्यादा घाऊक महागाईप्रमाणे दर वर्षी बदलते. औषधी जाळीची मर्यादा २०२५ मध्येही चाळीस हजारांच्या आत होती. सुरत आणि वापीच्या कारखान्यांतही चांगल्या जाळ्या बनतात. 'इम्पोर्टेड घ्या, टिकते' असं सांगून कुणी मर्यादेच्या वर पैसे घेत असेल तर ते बेकायदेशीर आहे, देशी असो की परदेशी.

पण गोम इथेच आहे. २०१७ ची मर्यादा जाळीला लागली. जाळी नेणारी नळी, फुगा आणि तार यांना ती लागली नाही. त्यामुळे बिलात स्टेंट स्वस्त दिसतो आणि 'कन्झ्युमेबल्स' या एका शब्दाखाली मोठी रक्कम लपते. म्हणून सुटे बिल मागा. स्टेंटची किंमत, कंपनीचं नाव, बॅच नंबर वेगळे लिहून देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. खोक्यावरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवून घ्या. नळ्या आणि फुग्यांची रिकामी पाकिटं मागा, मोजा. पाच लावलेत आणि दोनच पाकिटं दिसतात, असं आमच्या बघण्यात आलं आहे.

जाळी बसल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टर सांगतील तितके महिने, सहसा सहा ते बारा, एकही दिवस न चुकता घ्यायच्या. दात काढायचा म्हणून किंवा पगार उशिरा झाला म्हणून थांबवू नका. उघड्या धातूवर रक्ताची गुठळी धरते आणि माणूस दारातच कोसळतो. गोळ्यांना पैसे कमी पडत असतील तर जनऔषधी दुकानात त्याच औषधाची साधी गोळी कमी किमतीत मिळते.

पैशाचं बोलू. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि डायलिसिस दोन्ही बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठा, आगाऊ रक्कम भरण्याच्या आधी. एकदा रोख भरून बसलात की परत मिळवताना चपला झिजतात. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीच्या असतात, तिथल्या समाजसेवकाला भेटा. पिंपरीत वायसीएममध्येही आधी चौकशी करा.

आणि कारखान्यातल्यांनो, ईएसआय. महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल तर ०.७५ टक्के तुमच्याकडून आणि ३.२५ टक्के मालकाकडून जमा व्हायला हवेत, तुम्ही कंत्राटी असलात तरी. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम प्रा. अडारकरांकडे सोपवलं गेलं, त्यातूनच १९४८ चा हा कायदा आला. ठेकेदार बदलला तरी तुमचा विमा नंबर तोच राहतो. नवा ठेकेदार नवा नंबर काढतो तेव्हा जुनी जमा तुटते आणि मोठ्या उपचाराच्या वेळी पात्रतेत अडचण येते. पगाराची पावती या महिन्यात काढून बघा. कपात दिसते पण नंबर चालत नसेल तर चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात किंवा स्थानिक शाखेत जाऊन विचारा. एकट्याने जायला कचरत असाल तर चार-पाच जणांनी मिळून जा, सुट्टीच्या दिवशी नाही, कामाच्या दिवशी, कारण त्यांची खिडकी तेव्हाच उघडी असते.